रामारामाला आलेला तांबेरा

एप्रिल लागला की आमच्या माउंट रॉस्किलच्या गल्लीत कुंपणांपाशी खोकी दिसायला लागतात. केळ्यांची, बियरची, बुटांची, हाताला लागेल ते खोकं आणि त्यात काठोकाठ फिजोआ. वर मार्करनं लिहिलेलं असतं, ‘फुकट, घेऊन जा’. अंड्याएवढं हिरवं फळ आणि पेरूच्या लांबच्या भावकीतला वाटावा असा वास. पूर्वी हा वास आला की मला बरं वाटायचं. उकाडा संपला, आता जाड पांघरुणं काढायची, संध्याकाळी लवकर दिवे लावायचे, असं काहीतरी मनात यायचं. गेली दोन वर्षं मात्र त्या वासानं माझी मान खाली जाते. याच दिवसांत बाबा इथं होते.

बाबा कोरेगावला राहतात, सातारा जिल्ह्यात. तीसेक वर्षं त्यांनी कृषी सहायक म्हणून नोकरी केली. आई गेल्यावर पहिल्यांदाच ते सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले. मी इथे ऑकलंडमध्ये एका फर्ममध्ये इंजिनिअर आहे, पुलांची आणि इमारतींची गणितं करते. सकाळी बस पकडून शहरात जायचं ते संध्याकाळी परत. दिवसभर बाबा एकटे. मग ते गल्लीतून फिरायचे. हात पाठीमागे बांधलेले, मान थोडी पुढे, आणि प्रत्येक घरासमोर थांबून झाडांची पाहणी. शेतावर जायचे तेव्हाही ते असेच चालायचे. संध्याकाळी चहा घेताना मला अहवाल मिळायचा.

“कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याच्या लिंबाला खवलेकीड आहे. सांग त्याला.”

“बाबा, इथं असं कुणी कुणाला सांगत नाही.”

“का बरं? झाड त्याचंच आहे ना?”

हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. इथं असं करत नाहीत. इथं बसमध्ये एवढ्या मोठ्यानं बोलत नाहीत. इथं जॅंडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, मोजे घालत नाहीत. सगळं मी इथल्या नावानं खपवत होते. खरं तर मला त्यांची लाज वाटत होती. आज लिहिताना हात अडखळतो, पण तसंच होतं. आणि ती लाज काही इथली नव्हती. पुण्याला होस्टेलवर असताना ते एकदा दौऱ्यावरून थेट मला भेटायला आले होते. गव्हाचे दिवस होते. तांबेरा पडलेल्या शेतांतून हिंडून त्यांच्या पॅंटचे पाय गुडघ्यापर्यंत नारिंगी झालेले. तांबेरा म्हणजे बुरशी, इंग्रजीत रस्ट. पानावर गंजासारखे ठिपके येतात आणि हात लागला की त्यांची पूड बोटांना लागते. मैत्रिणींनी बघू नये म्हणून मी त्यांना मागच्या फाटकापाशी नेऊन बोलले. “इथं सावली बरी आहे,” एवढंच ते म्हणाले.

आमच्या शेजारी कॉलिन राहतो. सत्तरी ओलांडलेला, तरुणपणी इंग्लंडमधून आलेला, इथे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. त्याच्या मागच्या अंगणात हिरवं शेडनेट लावलेलं होतं, आणि त्याखाली शेकडो काळ्या पिशव्यांमध्ये इथल्या जंगलातली झाडं. बिया स्वतः गोळा करायचा, रोपं करायचा आणि मागेल त्याला देऊन टाकायचा. कुंपणालगत त्याची तीन मोठी झाडं होती, रामारामा नावाची. नाव ऐकून बाबा खूश. पहिल्याच दिवशी त्या झाडांपुढे उभं राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “राम राम!” कॉलिनला मी अर्थ सांगितला तेव्हा तो इतका हसला की खोकायलाच लागला. त्यानंतर कुंपणापलीकडून रोज सकाळी त्याची हाक यायची, “राम राम, मिस्टर शिंदे!”

रामारामाचं पान मोठं गमतीचं असतं. सपाट नसतं, फोड आल्यासारखं फुगलेलं असतं, आणि त्यात तांबूस-जांभळी झाक. बाबांनी एक पान चुरगळून वास घेतला. “मिनू, हे आपल्या जांभळाच्या आणि पेरूच्या घराण्यातलं गं. लवंगही यांच्यातलीच.” चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. परदेशात नातेवाईक भेटावा तसा आनंद झाला होता त्यांना.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळानं ठरवलं होतं की एका ओढ्याचा काठ आपण झाडं लावून सजवायचा. जागा पापाकुराच्या बाजूला, एका राखीव वनाला लागून. कल्पना माझी आणि जबाबदारीही माझीच. पत्रकं मी केली, पार्कच्या कार्यालयाशी बोलणं मी केलं, एका वृद्ध माओरी गृहस्थांना प्रार्थनेसाठी मीच बोलावलं. इतकी वर्षं या देशात राहिलो, इथल्या मातीला काहीतरी परत द्यायला हवं, असं मी सभेत म्हटलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. रोपं कॉलिन देणार होता. साठ रामारामा आणि बाकी हाराकेके, म्हणजे इथला घायपातासारखा दिसणारा, लांब पात्यांचा फ्लॅक्स.

कार्यक्रमाला दहा दिवस होते. शनिवारी सकाळी मी आणि बाबा रोपं बघायला कॉलिनकडे गेलो. त्या आठवड्यात उबदार पाऊस झाला होता, हवा दमट होती, आणि शेडनेटखालची रोपं कोवळ्या पालवीनं तरारली होती. कॉलिननं ट्रे ओळीनं मांडून ठेवले होते. मी मोजत होते. बाबा तिसऱ्या ट्रेपाशी वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. हात मागे बांधलेलेच.

“मिनू, इकडे ये. हात लावू नकोस.”

एका शेंड्याच्या दोन पानांवर पिवळेधमक ठिपके होते. हळद सांडावी तसे.

“हा तांबेरा आहे. मी गव्हावर पाहिला, सोयाबीनवर पाहिला. जात वेगळी असेल, पण आहे तांबेराच. ही रोपं इथून हलवायची नाहीत. याची पूड कपड्याला लागते, वाऱ्यावर जाते. आणि ही जांभळाच्या घराण्यातली झाडं, यांना याचा त्रास फार. सांग त्याला. आत्ता सांग.”

त्यांचा आवाज चढला होता. शेतकऱ्याला सांगताना चढायचा तसा. कॉलिन पाण्याची नळी गुंडाळत होता, त्यानं वर पाहिलं.

“काय म्हणतायत तुझे वडील?”

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं, ते मला आजही स्पष्ट आठवतं. दहा दिवस. वाटलेली पत्रकं. हा म्हातारा माणूस, ज्यानं फुकटात वर्षभर राबून रोपं वाढवली, आणि माझे वडील त्याच्या दारात उभे राहून त्यात खोट काढतायत. डेअरीवाल्याचं लिंबू. पुन्हा तेच. आणि दोनच तर पानं होती.

मी हसून म्हटलं, “ही सेज दे आर लव्हली.”

कॉलिनचा चेहरा फुलला. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि गप्प झाले.

घरी आल्यावर त्यांनी न्हाणीघरात जाऊन कपडे बदलले, काढलेले बादलीत भिजवले आणि हात कोपरापर्यंत धुतले. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत होते. ते दारात आले.

“मिनू, लव्हली म्हणजे काय ते मला कळतं गं. बोलता येत नाही मला पटपट. ऐकू येतं.”

मी वळून पाहिलं नाही. “बाबा, प्लीज. नंतर बोलू.”

नंतर आम्ही बोललो नाही. एकदाच, दोन दिवसांनी, त्यांनी ताटावर विचारलं, “सांगितलंस का त्याला?” मी म्हटलं, “हो, तो बघतो म्हणाला.” दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

कार्यक्रम उत्तम झाला. हे लिहावं लागतं, कारण तसंच झालं. कोवळं ऊन होतं, पन्नासेक माणसं आली, बायका साड्यांवर गमबूट घालून चिखलात उतरल्या. त्या माओरी गृहस्थांनी कराकिया म्हटली, त्यांची प्रार्थना, आणि ओढ्याचं पाणी आणि त्यांचा आवाज यांशिवाय काही ऐकू येईना. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुनी, आपसूक उगवलेली रामारामाची झाडं होती, माणसाच्या दुप्पट उंचीची. त्यांच्या पायथ्यापासून खालपर्यंत आम्ही आमची साठ रोपं लावली. शेवटी बटाटेवडे खाल्ले, फोटो काढले. कॉलिन सगळ्यांना “राम राम” म्हणत फिरत होता.

बाबा दिवसभर कुदळ घेऊन होते. त्यांच्या वयाला शोभणार नाही इतके खड्डे त्यांनी खणले. रात्री फोटो बघताना मला जाणवलं की प्रत्येक फोटोत त्यांच्या हातात फ्लॅक्सचं रोप आहे. रामारामाचं एकही रोप त्यांनी उचललं नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षांनी पहिलं झाड ज्येष्ठांच्या हस्ते म्हणून त्यांना पुढे केलं, तेव्हाही त्यांनी वाकून फ्लॅक्सच घेतलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जूनमध्ये ते परत गेले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

थंडीत, म्हणजे इथल्या जून-जुलैत, ही बुरशी निपचित असते. हे मला नंतर कळलं. ती इथली नाही. काही वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून वाऱ्यावर आली म्हणतात. कोवळ्या पानाखेरीज तिला काही रुचत नाही. वसंतात झाड पालवी फोडतं, ती पालवी ती खाते. पानं मुडपतात, काळी पडतात, गळतात. झाड बिचारं पुन्हा फुटतं. ती पुन्हा खाते. असं किती वेळा फुटणार? आतला साठा संपतो आणि एका हंगामात झाड फुटायचंच थांबतं. कळ्यांवरही ती बसते, म्हणून बी धरत नाही, आणि पुढची पिढीही नाही. रामारामाचं पान मुळात फुगलेलं, तांबूस. त्यामुळे सुरुवातीचा ठिपका कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तीस वर्षं पिकं बघितलेल्या माणसाच्या भरतो.

नोव्हेंबरात अनाहेराची मेल आली. अनाहेरा त्या राखीव वनाची देखभाल करते. मेलमध्ये फोटो होते. आमच्या रोपांच्या प्रत्येक शेंड्यावर पिवळी पूड. पुढचे फोटो वरच्या जुन्या झाडांचे. तिथेही. तिनं शेवटी लिहिलं होतं, ‘कुणाला दोष देता येत नाही. वाऱ्यानं कुठूनही आलं असेल.’

त्या एका वाक्याला मी कितीतरी महिने धरून बसले. वाऱ्यानं आलं असेल. खरंच आलं असेल. कोण सिद्ध करणार? मंडळाच्या ग्रुपवर मी तेच लिहिलं, रडक्या चेहऱ्याचं चिन्ह टाकून. लोकांनी मला धीर दिला. एकीनं लिहिलं, ‘तू किती मनाला लावून घेतेस गं.’

कॉलिननं मात्र स्वतःला माफ केलं नाही. त्याच्या तिन्ही झाडांवर आणि उरलेल्या रोपांवर तेच निघालं. त्यानं शेडनेट उतरवलं. कुणी रोप मागायला आलं तर दारातूनच नाही म्हणायचा. सकाळची हाक बंद झाली. मी कुंपणाअलीकडून बघायचे, तो रिकाम्या ट्रेंच्या शेजारी नुसता उभा असायचा. मी आत यायचे आणि किटली लावायचे.

गेल्या जुलैत त्यानं झाडं काढायचं ठरवलं. थंडीत पूड कमी उडते म्हणून हेच दिवस योग्य. मी मदतीला गेले. जायलाच हवं होतं. आधी झाडावर प्लॅस्टिक घालायचं, मग फांद्या तोडायच्या, काळ्या पिशव्यांत भरायच्या, पिशवीवर पिशवी चढवायची. दोन झाडं झाल्यावर कॉलिन बादली उलटी करून त्यावर बसला. धाप लागली होती.

“माझ्या बहिणीकडे,” तो म्हणाला, “इंग्लंडात, नॉरफकला, तिच्या घरापर्यंत जो रस्ता जातो ना, त्याच्या दोन्ही बाजूंना ॲशची झाडं होती. आमच्या आजोबांच्याही आधीची. त्यांना असाच रोग आला. हीच बुरशी नाही, दुसरी. गेल्या वर्षीची पानं गळून पडतात ना, त्यांच्या देठांवर ती वाढते. जमिनीवर, पालापाचोळ्यात, जिथं कुणी बघतही नाही. उन्हाळ्यात तिथून उडते आणि वरच्या पानांवर बसते. पानं काळी होतात, तिथून डहाळीत, डहाळीतून फांदीत. झाड शेंड्याकडून वाळत येतं. बहीण फोटो पाठवायची. दर वर्षी आभाळ जरा जास्त दिसायचं. मग झाडं बुंध्यावरच झुपके फोडायला लागली, वरून काही येत नाही म्हणून खालून. वेड्यासारखी. शेवटी लाकूड इतकं ठिसूळ झालं की रस्त्यावर फांद्या पडतील म्हणून सगळी तोडली.”

मी पिशवीचं तोंड बांधत होते.

“वारा होताच. पण रोपांमधूनही गेला तो रोग, गाड्या भरभरून. आणि मी फोनवर बहिणीला म्हणायचो, कसले लोक आहेत हे, हातातलं रोप नीट बघत नाहीत आणि देतात! मी म्हणायचो हे, मीनल. मी.” त्यानं हातमोजे काढले. “चष्मा बदलायचा राहिला होता माझा. कुणी एकानं जरी मला वेळेवर सांगितलं असतं.”

मी पिशवी खाली ठेवली. मी म्हटलं, “सांगितलं होतं.”

त्याला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. शनिवार, तिसरा ट्रे, दोन पानं, बाबा काय म्हणाले आणि मी काय सांगितलं. माझा आवाज अगदी साधा येत होता, ऑफिसात कामाची माहिती द्यावी तसा, आणि मला त्याचीही लाज वाटत होती.

“दोनच पानं होती तेव्हा?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आणि तू मला वर्षभर बघत होतीस. या कुंपणापलीकडून.”

“हो.”

तो उठला. रागावला नाही. पायऱ्या चढून आत गेला आणि दार लावून घेतलं. तिसरं झाड मी एकटीनं तोडलं. खोड दंडाएवढंही नव्हतं, पण करवत सारखी अडकत होती.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यानं बेल वाजवली. “मला तुझ्या वडिलांशी बोलायचंय,” म्हणाला. आत यायला तयार नव्हता, म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलो. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, कोरेगावात सकाळ होती. बाबांच्या पडद्यावर आम्ही दोघं एकदम दिसलो आणि ते गोंधळले. कॉलिन म्हणाला, “मिस्टर शिंदे, मीनलनं मला सगळं सांगितलं. तुम्ही मला वाचवायला बघत होता. थॅंक यू.”

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते इंग्रजीत बोलले. एकेक शब्द जुळवत, मध्ये थांबत.

“नो थॅंक यू, सर. आय नो द वर्ड रस्ट. आय न्यू इट दॅट डे ऑल्सो. वन वर्ड. आय डिड नॉट से.”

कॉलिननं विचारलं, का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “माय डॉटर वॉज स्टॅंडिंग देअर. आय थॉट, शी विल फील स्मॉल.”

कॉलिन खाली बघत राहिला. मी उठून आत गेले आणि सिंकचा नळ सोडून उभी राहिले. बाहेर ते दोघं अजून काहीतरी बोलत होते. काय ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मला एवढंच कळत होतं की ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून खरं तेच सांगितलं, तो एकदाच गप्प बसला, आणि तेही माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाला सगळं खरं लिहिलं. चिन्हांशिवाय. काहींनी उत्तर दिलं नाही. धीर देणारी ती मैत्रीण दोन महिने माझ्याशी बोलली नाही, नंतर बोलायला लागली, पण पूर्वीसारखी नाही. कॉलिनही बोलतो. पाऊस, बसचा संप, कचऱ्याचा दिवस कधी, असं. त्याच्या कुंपणालगत आता नुसती माती आहे. तिथं काय लावणार, असं मी विचारत नाही.

दर महिन्याला एका रविवारी मी ट्रेननं पापाकुराला जाते. तिथून अनाहेरा मला गाडीत घेते. बूट घासायचे, कपडे बदलायचे, मग ओढ्याकाठी जाऊन प्रत्येक झाड बघायचं आणि वहीत लिहायचं. आमच्या साठांतलं एकही रोप उरलं नाही. ती आम्ही काढली. वरच्या जुन्या झाडांपैकी बरीचशी नुसती काड्या झालीत. दोन-तीन अजून फुटायचा प्रयत्न करतात. मी त्यांच्यापाशी हात मागे बांधून वाकते, तेव्हा मला माझ्या पाठीचा आकार ओळखीचा वाटतो.

मागच्या रविवारी अनाहेराबरोबर नवीन स्वयंसेवकांचा एक गट होता. कॉलेजातल्या मुली, काही निवृत्त लोक. “किया ओरा” म्हणून नमस्कार झाले, हातांवर जंतुनाशक झालं. अनाहेरा त्यांना वाळलेली झाडं दाखवत होती आणि सांगत होती की रोग नक्की कसा आला हे ठाऊक नाही, वारा असेल, रोपं असतील. एका मुलीनं विचारलं, “पण मग ती रोपं इथं आणली कुणी?”

अनाहेरा थांबली. तिला माहीत आहे, मी तिला सांगितलंय, पण ती माझ्याकडे न बघता ओढ्याकडे बघायला लागली. मला वाट मोकळी करून देत होती.

मी हात वर केला. “मी आणली,” म्हटलं. “आजारी आहेत हे माहीत असून.”

मुलीनं तोंडावर हात नेला. मग एका म्हाताऱ्या बाईंनी वही उघडली, पेन्सिल माझ्यापुढे केली आणि विचारलं, “तो ठिपका नेमका कसा दिसतो, दाखवशील का आम्हाला?”